पंधरा अंशांतल्या काकू

काकू पाचोळ्याला ओठ लावून ओल बघायच्या. कोल्ड रूमच्या भिंतीवर हवेतली आर्द्रता दाखवणारं चांगलं महागाचं यंत्र होतं, ते मीच हट्टानं मागवलं होतं. काकू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. डबा उघडायचा, चिमूटभर पाचोळा उचलायचा, नाकाच्या अगदी खाली, वरच्या ओठाला टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून दोन फवारे." कधी म्हणायच्या, "आज राहू दे, आज खूश आहेत." मी वर यंत्राकडे बघायचो. यंत्र दर वेळी काकूंच्या बाजूनं असायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मला काकूंचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं लिहिणार आहे आणि ते वाचून कुणी मला चांगला माणूस समजू नये. मी पीएच.डी., वय एकतीस, पुण्याहून सिंगापूरला पोस्टडॉक करायला आलेला. काकू चौपन्न वर्षांच्या, बी.एस्सी. झूलॉजी, सेकंड क्लास, आणि ती डिग्रीही लग्नानंतर तीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडलेली. वन-नॉर्थ भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या अर्धवेळ मदतनीस होत्या. जनावरांना खाणं घालायचं, डबे धुवायचे, पाणी फवारायचं. अशा बाईचा मी हेवा का करावा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं, आणि मग तर जास्तच जळफळाट व्हायचा.

आमची जनावरं म्हणजे लाल पाठीचे सॅलमँडर. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या थंड जंगलांतला हा प्राणी. लांबून पालीचं पिल्लू वाटतं, पण हा बेडकाच्या भावकीतला. बोटभर लांब, अंगावर खवले नाहीत, सगळा ओला, आणि मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी रंगाचा एक सरळ पट्टा. याला फुप्फुसं नाहीत. कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या भागातून तो श्वास घेतो. म्हणजे कातडी सुकली की श्वास संपला. म्हणून तो कुजक्या ओंडक्याखाली, दगडाखाली, पाचोळ्यात राहतो, पाऊस पडून गेल्यावरच उघड्यावर फिरतो आणि थंडीत जमिनीच्या फटींतून खोल जातो. बाहेर एकतीस-बत्तीस अंशांचं सिंगापूर आणि आत पंधरा अंशांच्या खोलीत हे चाळीस जण.

त्यांची अंड्यांची तऱ्हा आणखी निराळी. बेडकासारखं तळ्यात जाणं नाही, शेपटीवाली पिल्लं पाण्यात पोहणं नाही. कुजक्या लाकडातल्या पोकळीच्या छताला मादी सात-आठ अंडी टांगते, द्राक्षांच्या लहानशा घोसासारखी, आणि त्यांना वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते. त्या काळात ती फारसं काही खात नाही. तिच्या कातडीवरचे जिवाणू अंड्यांना बुरशी लागू देत नाहीत. आई काढून घेतली की अंडी कुजतात. ते जिवाणू नेमकं काय करतात, हा आमच्या संशोधनाचा विषय होता. त्यासाठी अंडी हवी होती आणि दीड वर्ष एकाही मादीनं एकही अंडं घातलं नव्हतं.

माझा करार ऑगस्टात संपणार होता. आमचे प्रोफेसर इथलेच, चिनी वंशाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी मला बोलावून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत सांगितलं होतं, "एग्ज हॅच, आय रिन्यू यू थ्री इयर्स. नो एग्ज, आय ऑल्सो कॅनॉट हेल्प, लाह." इथे राहण्याचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की महिन्याभरात बॅग भरायची. आणि एकतीस वर्षांचा मुलगा परदेशातून हात हलवत परत आला की सोसायटीत काय काय विचारतात, हे मी माझ्या थोरल्या भावाच्या वेळी पाहिलं होतं.

काकू मूळच्या आंबोलीच्या. वडील तिथल्या सरकारी विश्रामगृहाचे माळी. "आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत," त्या सांगायच्या, "मग आम्ही ओलेच घालायचो, अंगावर वाळवायचो." नवरा हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये, मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात. वीस वर्षं चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये घर सांभाळून झाल्यावर त्यांनी ही जाहिरात पाहिली. मुलाखतीला मी प्रोफेसरांशेजारी बसलो होतो. प्रोफेसरांनी एकच प्रश्न विचारला, "फिफ्टीन डिग्री. फोर अवर्स एव्हरी डे. ऑंटी कॅन ऑर नॉट?" काकू म्हणाल्या, "कॅन." नंतर मला म्हणाल्या, "अरे, वीस वर्षांत या देशात स्वेटर घालायला मिळाला नव्हता. पगार नसता दिला तरी आले असते." पगाराचं खोटं होतं. गळ्यात ओळखपत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते दहा वेळा तरी उलटंसुलटं करून पाहिलं. स्वतःच्या नावाचं असं काही त्यांना चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं होतं.

मीही चोआ चू कांगलाच एका घरात खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. त्यामुळे सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बऱ्याचदा एकत्र. जुरॉन्ग ईस्टला एकदा बदलायचं, बोना व्हिस्टाला पुन्हा बदलायचं, आणि या दोन बदलांमध्ये काकू तीन माणसांशी ओळख काढायच्या. त्या मला पहिल्या दिवसापासून "डॉक्टर" म्हणायच्या, पण "अरे डॉक्टर". संस्थेखालच्या फूड कोर्टात कॉफीवाला अंकल त्यांना लांबून बघून बिनसाखरेची गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, काढून ठेवायचा. मी दोन वर्षं त्याच दुकानात रोज जात होतो. मला तो रोज नव्यानं विचारायचा, "यू वॉन्ट व्हॉट?" एवढ्याशा गोष्टीनं माझ्या पोटात दुखायचं. ज्यांना असं दुखत नाही ते भाग्यवान.

ते ओठ लावणं मला एक दिवस सहन झालं नाही. मी सेफ्टी ऑफिसरला मेल पाठवली. नाव न घेता, "काही कर्मचारी" वगैरे. कोल्ड रूममध्ये काम करणारे आम्ही दोघंच होतो, तेव्हा नाव न घेण्यात काही अर्थ नव्हता. काकूंना अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्या सर्टिफिकेट घेऊन परत आल्या, ते प्लास्टिकमध्ये घालून कोल्ड रूमच्या दारावर चिकटवलं आणि मला म्हणाल्या, "अरे डॉक्टर, तीस वर्षांनी परीक्षा पास झाले. ज्यानं तक्रार केली त्याला पेढे द्यायला हवेत." दुसऱ्या दिवशी लिटल इंडियातून खरंच पेढे आणले आणि मला दोन दिले. मी खाल्ले. त्यानंतर काकू ओठाऐवजी हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या मनगटानं ओल बघायला लागल्या. यंत्र तरीही त्यांच्याच बाजूनं.

एकदा मी त्यांना माझं ज्ञान दाखवायला गेलो. या सॅलमँडरमध्ये नर-मादी जोडीनं राहतात आणि आपली जागा राखतात. नाकपुडीपासून ओठापर्यंत यांना एक बारीक चर असतो. नाक जमिनीला टेकवत टेकवत चालायचं आणि त्या चरातून वास ओढायचा, हे यांचं बघणं. जोडीदाराच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा वास आला तर हा अंगावर धावून जातो, चावतोसुद्धा. मी हे सगळं रंगवून सांगितलं. काकू एका नराला फळमाश्या घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हणजे अगदी तुझ्यासारखं. प्रोफेसर माझ्याशी बोलून आले की तू असाच वास घेत येतोस." मी हसलो. हसण्यावारी नेण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, कारण त्यांना सगळं कळत होतं.

आणि खरी मिरची झोंबली ती वाळवीच्या प्रकरणात. मादी नराची पारख त्याच्या लेंडीवरून करते, हे मी तीन वर्षांपूर्वीच वाचलं होतं. लेंडीत वाळवी असली तर याच्या हद्दीत खाणं चांगलं, म्हणून ती थांबते. मुंग्या असल्या तर पुढे जाते. हेसुद्धा मीच काकूंना गंमत म्हणून सांगितलं होतं. काकूंना त्यात गंमत दिसली नाही. "म्हणजे मुलाच्या घरी काय शिजतं ते बघून मुलगी ठरवते. बरोबरच आहे की. आणि आपण त्या मुलांना दीड वर्ष नुसत्या फळमाश्या घालतोय. कोण राहील?" त्यांनी प्रोफेसरांकडे वाळवी मागितली. मी बाहेरच्या कीटकांमधून रोग येईल म्हणून विरोध केला. प्रोफेसरांनी माझं ऐकून घेतलं आणि वाळवी महिनाभर वेगळ्या डब्यात तपासून मग वापरायची परवानगी दिली. दोन महिन्यांत चार माद्या चार नरांच्या घरी स्थिरावल्या. वाचलं होतं मी, केलं काकूंनी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अंडी घालण्यासाठी मी पारदर्शक ॲक्रिलिकचे डबे बनवून घेतले होते, प्रत्येकाला अंधारात दिसणारा कॅमेरा. एकही मादी त्यांत पाऊल ठेवेना. काकूंनी रामबुतानच्या झाडाच्या कुजलेल्या फांदीचे तुकडे आणले, प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे ते निर्जंतुक करून घेतले, आतून पोखरले. वरचं छत अखंड ठेवलं आणि बाजूला एक लाकडी बूच बसवलं. जून महिन्यात सात नंबरची मादी त्यातल्या एकात शिरली आणि बाहेरच येईना. चार दिवसांनी काकूंनी एकदाच बूच काढलं, एकदाच पाहिलं आणि बूच लावलं. बाहेर आल्या तेव्हा चष्म्यावर धुकं धरलं होतं. "आठ," म्हणाल्या. "आठ आहेत, डॉक्टर. बसलीय ती वेटोळं घालून."

मग त्यांनी नियम सांगितला. पिल्लं निघेपर्यंत बूच काढायचं नाही, कुणीच नाही, त्यांनीसुद्धा नाही. आंबोलीत देवगांडूळ असतं, ते नावाला गांडूळ, खरं बेडूक-सॅलमँडरच्या भावकीतलं बिनपायाचं जनावर. तेही अंड्यांभोवती असंच बसतं. काकू लहान असताना वडिलांनी वाफा खणायला एक दगड उचलला तर खाली देवगांडूळ अंडी घेऊन बसलेलं. वडिलांनी दगड होता तसा ठेवला आणि तो वाफा त्या वर्षी खणलाच नाही. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, आई बसलीय. "साहेब ओरडला असेल," मी म्हणालो. "ओरडला ना. तो काही अंड्यांवर बसला नव्हता," काकू म्हणाल्या.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोफेसर कधी नव्हे ते उभे राहिले. "ऑंटी गॉट एग्ज," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ मी वाजवल्या. ही अंडी माझी नोकरी वाचवणार होती, मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ऑंटी गॉट एग्ज.

पुढचे तीन आठवडे मी धीर धरला. मग मनात पहिली पळवाट तयार झाली: फोटो नाही. आठ अंडी, हे एका मदतनीस बाईचं तोंडी सांगणं. शास्त्रात असं चालतं का? पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या स्लाइडवर वेटोळं घातलेल्या आईचा फोटो असेल, आणि तो मी काढलेला असेल. शनिवारी दुपारी काकू मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. मी कार्ड लावून कोल्ड रूममध्ये गेलो. आधी चार नंबरच्या डब्यातला नर उचलून वजन केलं, कारण आलोच आहे तर काहीतरी काम केलंसं दिसावं. मग सात नंबरचं बूच काढलं.

ती बसली होती. अंड्यांभोवती अंग वळवून, हनुवटी त्यांच्यावर टेकवून. इतकी सुंदर होती की मी फोटो काढायचा विसरलो. मग काढले. पण तिच्या अंगामागे अंडी नीट मोजता येईनात. म्हणून मी बोटानं तिला अलगद बाजूला सारलं. हातमोजा तोच होता, चार नंबरच्या नराला धरलेला. काकू प्रत्येक डब्याला नवा हातमोजा घालायच्या आणि मी त्यांना उधळ्या म्हणायचो. मादीनं माझ्या बोटाला नाक टेकवलं, एकदा, दोनदा. मग ती गरकन वळली. मी बूच लावलं आणि घरी आलो. माझ्याकडे अकरा फोटो होते.

सोमवारी काकू कोल्ड रूममधून लगेच बाहेर आल्या. स्वेटर घातलेला, हात मोकळे लोंबकळत. "दोन राहिलीत," म्हणाल्या. "सहा तिनं खाल्ली." परक्या नराचा वास घरात शिरला की आई असं करू शकते, हे मी वाचलेलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "डॉक्टर, बूच उलटं बसलेलं होतं, म्हणून उघडून पाहिलं. शनिवारी तू आला होतास?"

"नाही," मी म्हणालो.

काकू प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत कुजबुज सुरू झाली. ऑंटीनंच उघडलं असणार. शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "ऑंटी ओल्ड ऑलरेडी, मस्ट बी फरगेट." मी कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. मंगळवारी, बुधवारी काकू एमआरटीत माझ्याशेजारीच उभ्या होत्या. नेहमीसारख्या कुणाशी बोलत नव्हत्या. बुधवारी बोना व्हिस्टाला बदलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन असं वाटून थांबल्या, आणि मग गर्दीबरोबर पुढे गेल्या. गुरुवारी त्या आल्या नाहीत. प्रोफेसरांनी सांगितलं, ऑंटीनं नोकरी सोडली. बाकी सगळ्यांना वाटलं, लाजेनं सोडली.

आणि आता लाज वाटावी अशी गोष्ट: मला बरं वाटलं. कोल्ड रूम माझी झाली होती.

ते बरं वाटणं एक दिवस टिकलं. मग रोज चार तास मी त्या खोलीत उभा राहायला लागलो. फवारे किती मारायचे ते मला यंत्र सांगायचं, पण कुठल्या डब्यात कोण जेवलं नाही, कुणाची शेपटी सुकल्यासारखी दिसते, ते यंत्र सांगेना. सात नंबरच्या लाकडाजवळ मी हातही नेत नव्हतो. आत ती उरलेल्या दोघांना धरून बसली होती, उपाशी. काकूंच्या हस्ताक्षरातली वही खुंटीला लटकत होती. तिच्यात शेवटच्या दिवशीही, बुधवारीसुद्धा, त्यांनी सगळ्या डब्यांच्या नोंदी पूर्ण केल्या होत्या. सोमवारच्या पानावर सात नंबरपुढे लिहिलं होतं, "दोन. आई शांत." कुणी काय केलं याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसातून कराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. प्रकल्पातलं तुमचं प्रमुख योगदान लिहा, असा एक रकाना होता. मी लिहिलं, "बंदिस्त वातावरणात प्रजनन यशस्वी केलं." खोडलं. "अंड्यांचं निरीक्षण केलं." खोडलं. शेवटी तो फॉर्म तसाच घेऊन प्रोफेसरांच्या दारावर टकटक केलं आणि आत जाऊन सगळं सांगितलं. हातमोज्यासकट.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "आय नो," म्हणाले. "डोअर रेकॉर्ड. सॅटर्डे, थ्री ओ'क्लॉक, युवर कार्ड. आय सॉ ऑन मंडे."

मग त्यांनी हळूहळू, त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगितलं ते असं. सोमवारी काकूंच्या समोरच त्यांनी रेकॉर्ड उघडलं होतं. त्याच दिवशी ते माझा करार रद्द करणार होते. काकू म्हणाल्या होत्या, तीन दिवस थांबा. तो आपणहून येईल. आपणहून आला तर त्याला ठेवा. प्रोफेसर म्हणाले, आणि नाही आला तर? काकू म्हणाल्या, नाही आला तर मी माणूस ओळखायला चुकले, मग मी इथे राहत नाही.

"शी सेड थ्री डेज," प्रोफेसर म्हणाले. "टुडे इज ट्वेल्व्ह."

काकूंनी त्यांची नोकरी, ते गळ्यातलं ओळखपत्र, दारावरचं सर्टिफिकेट, सगळं माझ्यावर लावलं होतं. आणि मी त्यांच्याशेजारी उभा राहून दोन दिवस एमआरटीतून खाली बघत प्रवास केला होता.

प्रोफेसरांनी तीन वर्षांऐवजी एक वर्ष दिलं. बाराव्या दिवशी का होईना आलो म्हणून, आणि चाळीस जनावरांना बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणूनही. कोल्ड रूमला मदतनीस मिळणार नाही, रोजचं काम मीच करायचं. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून, बूच ऑंटीनं काढलं नव्हतं, एवढं स्पष्ट सांगितलं आणि मला उभं राहून ते कुणी काढलं हे सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, शोधनिबंध छापला जाईल तेव्हा ऑंटीचं नाव तुझ्या आधी. आणि खरं सांगतो, त्या क्षणी, एवढं सगळं झाल्यावरही, माझ्या आत काहीतरी जळलं. माणूस किती चिवट असतो ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी मी काकूंच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. आत बोलावलं, पाणी दिलं, समोर बसल्या. मी माफी मागितली. परत या म्हटलं, प्रोफेसरांनी बोलावलंय म्हटलं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "चिडले होते खूप. आता तेवढी नाही. पण तुझ्याशेजारी त्या खोलीत उभं राहणं मला जमायचं नाही. सहा गेली रे. मोजली होती मी." त्यांचे डोळे भरून आले. मग पदरानं पुसून म्हणाल्या, "आमचे हे रिटायर होतायत डिसेंबरात. आम्ही गावाकडे जाऊ."

मी विचारलं, "काकू, मी येईन असं तुम्हाला का वाटलं? मी तुमच्याशी कधी धड वागलो नाही. ती तक्रारसुद्धा मीच केली होती."

"ते माहीत आहे रे मेल्या, पेढे उगाच दिले का?" काकू म्हणाल्या. "अरे, तेवीस नंबर मेली तेव्हा तू टॉयलेटमध्ये जाऊन रडून आला होतास. डोळे लाल, आणि मला सांगतोस सर्दी झालीय. एवढ्याशा जनावरासाठी. मला वाटलं, हा पोरगा जळका आहे, पण आत ओला आहे. हा येईल." माझा रिकामा पेला उचलत म्हणाल्या, "आलास की. उशीर केलास."

ऑगस्टात सात नंबरच्या डब्यात पाचोळ्यावर दोन पिल्लं दिसली. भाताच्या दोन-तीन दाण्यांएवढी लांब, पाठीवर आईसारखाच पट्टा. मी काकूंना फोटो न काढता नुसतं फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "आई?" मी म्हटलं, आज जेवली. "बरं झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. डिसेंबरात त्या गेल्या. विमानतळावर मंडळातली बरीच माणसं आली होती, कॉफीवाला अंकलसुद्धा आला होता. मी मागे उभा होतो. आत जाताना काकूंनी सगळ्यांना हात केला, त्यात मलाही केला.

मी अजून पुष्कळांचा हेवा करतो. बरोबरीच्यांच्या नोकऱ्यांचा, घरांचा, ज्यांना कॉफीवाला ओळखतो त्यांचा. त्याची आता सवय झाली आहे. पण कोल्ड रूममध्ये एकटा असलो की एका माणसाचा हेवा वाटतो आणि तो काही केल्या जात नाही. तो सोमवारी किंवा मंगळवारी, फार तर बुधवारी, प्रोफेसरांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. काकूंनी त्याला पाहिला होता, त्याच्यासाठी तीन दिवस वाट पाहिली होती. दिसायला तो अगदी माझ्यासारखाच होता.